लोटा-दोरी घेऊन आलेल्यांनी कुणाला ‘बाहेरचे’ म्हणावं?



आपल्या बायकांच्या ग्रुपवर सकाळी नवकारसीची वेळ येते. मग महासतीजींच्या प्रवचनाचा सारांश येतो. दुपारी जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की तिसरंच काहीतरी सुरू होतं. ‘अमुक गावात भय्यांनी असं केलं.’ ‘वॉचमन नेपाळी असेल तर सावध राहा.’ ‘बांधकामावरची ही माणसं बांगलादेशी असतात, घरकामाला ठेवू नका.’ ‘समोरच्या इमारतीत आफ्रिकेची काळी पोरं राहायला आलीत, मुलींना एकटं खाली पाठवू नका.’ त्याखाली हात जोडलेल्या खुणा, ‘अगदी खरं आहे ताई’, आणि पाच मिनिटांत तोच मजकूर आणखी दहा ग्रुपवर.

आज मी याच्याविरुद्ध लिहिणार आहे आणि गोडगोड लिहिणार नाही. परमुलखातून कामाला, शिकायला किंवा फिरायला आलेल्या माणसाला केवळ त्याच्या मुलखावरून, रंगावरून, बोलीवरून वाईट ठरवणं हे आपल्या घरात पाप म्हणून मोजलं गेलं पाहिजे. चातुर्मासात हिरवी भाजी मोजून खातो ना, तितक्याच काटेकोरपणे. आणि जगात कुणी हे पाप करायचं असेल तर त्या रांगेत आपला, म्हणजे महाराष्ट्रात येऊन वसलेल्या ओसवाल-मारवाडी-गुजराती जैनांचा, नंबर अगदी शेवटचा लागायला हवा.

का ते सांगते. आपल्याच घरात अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट आठवा. ‘पणजोबा मारवाडातून लोटा आणि दोरी घेऊन आले, दुकानाच्या पायरीवर झोपले, आणि हा वाडा उभा केला.’ प्रत्येक घरात गावाचं नाव तेवढं बदलतं. लोटा-दोरी घेऊन परमुलखात आलेल्या माणसाला आजच्या भाषेत काय म्हणतात? परप्रांतीय मजूर. आपल्या पणजोबांकडे ना भाडेकरार होता, ना पोलीस व्हेरिफिकेशन, ना मराठीचा गंध. त्यांना कुणीतरी ओसरी दिली, विहिरीवर पाणी भरू दिलं, म्हणून आज आपण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या राहून ‘हे भय्ये फार वाढलेत’ असं म्हणू शकतो.

पण सगळ्यांनी ओसरी दिली असंही नाही, आणि तो इतिहास आपल्या मुलांना आपण सांगत नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दुकानं लुटली, कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यात गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांची तक्रार खरी होती. कापसाचा भाव पडला होता, सारा वाढला होता, व्याजाचा फास गळ्याशी आला होता. आणि आपले सगळेच पूर्वज साधुपुरुष होते असा दावा मी करणार नाही. हिशोबाची वही ज्याच्या हातात असते त्याच्याकडून अन्याय होतो, हे बी.कॉम. केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. पुढे 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाही झाला, तो योग्यच झाला.

पण त्या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ज्या गावांत मारवाड्यांबरोबर ब्राह्मण आणि इतर जातींचेही सावकार होते, तिथेसुद्धा बहुतेक वेळा हात पडला तो मारवाडी आणि गुजर सावकारांवरच. धंदा एक, व्याज एक, रोखा एक. फरक एवढाच की एक सावकार गावचा होता आणि दुसरा बाहेरचा. राग व्याजाचा होता, पण तो ज्याच्या अंगावर निघाला त्याची निवड मुलखावरून झाली. परक्यांच्या द्वेषाचा हाच कायदा आहे. तक्रार कितीही खरी असली, तरी ती करणीवरून उठून जन्मगावावर जाऊन बसते.

आणि हा द्वेष कधी एका जागी राहत नाही. 1960 च्या दशकात मुंबईत दक्षिणेकडच्या माणसांच्या लुंगीवरून घोषणा झाल्या. 2008 मध्ये उत्तर भारतीयांना मारहाण झाली, रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना परीक्षा केंद्रावर झोडपलं, आणि नाशिकच्या सातपूर-अंबडकडचे कामगार गाठोडी बांधून स्टेशनवर गेले तेव्हा कारखान्यांना माणसं कमी पडली. 2012 मध्ये ईशान्य भारतातल्या मुलामुलींची पाळी आली. 2018 मध्ये गुजरातेत एका भयंकर गुन्ह्यात बिहारच्या एका माणसाला अटक झाली आणि त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो उत्तर भारतीय कामगारांना घर गाठावं लागलं. 2020 मध्ये मणिपूर-नागालँडच्या मुलींना आपल्या शहरांत रस्त्यावर ‘कोरोना’ म्हणून हाक मारली गेली. आणि 2025 मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला.

मीरा रोडच्या वेळी आपल्या ग्रुपवर काय धडधड चालली होती ते आठवा. ‘आपण कर भरतो, रोजगार देतो, चार पिढ्या इथे राहिलो, तरी बाहेरचे?’ प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मग तोच प्रश्न आपल्याला रंग देणाऱ्या, प्लंबिंग करणाऱ्या, दुकानात गोणी उचलणाऱ्या माणसाने विचारला तर तो चुकीचा कसा होतो? आपल्याला लागतं ते मात्र माप आणि दुसऱ्याला द्यायचं ते वेगळं, याला आपल्या शास्त्रात खोटं तोल, खोटं माप म्हणतात, आणि तो तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार आहे.

आफ्रिकेतल्या आपल्या भाऊबंदांचंही उदाहरण आहे. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यांत गुजराती बोलणारी पुष्कळ कुटुंबं होती, जैनही होते. दुकानं, घरं, कारखाने मागे टाकून माणसं सुटकेस घेऊन निघाली. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली की आमच्याकडे जागा नाही, इकडे येऊ नका. माणसं तरीही गेली. आज त्याच लेस्टरमध्ये जुन्या चर्चच्या इमारतीत उभं राहिलेलं जैन देरासर आहे, 1988 मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली, आणि आपल्यापैकी कितीजणी तिथे दर्शन घेऊन फोटो टाकतात. फोटो जरूर टाका. पण त्या घुमटाखाली उभं राहून एवढं मनात आणा की हे ‘येऊ नका’ म्हटलेल्या लोकांनी उभं केलं आहे.

आता आपल्या बायकांपुरतं बोलते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे जन्मगाव किंवा आधीचं राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे वसलेली माणसं आपल्या देशात सुमारे 45 कोटी होती. आपल्याला वाटतं हे सगळे कारखान्यातले भय्ये. नाही. त्यांतल्या दोनतृतीयांशाच्या आसपास बायका होत्या, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं लग्न. म्हणजे या देशातला सर्वांत मोठा स्थलांतरित वर्ग म्हणजे सून. पालीहून अहमदनगरला आलेली, जालन्याहून पुण्याला आलेली, बालोतऱ्याहून इचलकरंजीला आलेली सून. तिच्या बोलण्याला घरात हसले. तिच्या फुलक्याचा आकार पाहिला. कपाटाच्या किल्ल्या तिच्या हाती द्यायला वर्षं लावली. काही हरवलं की सगळ्यांत आधी नजर तिच्याकडे गेली, कारण बाकी सगळे घरचे आणि ती बाहेरची. आपल्यापैकी जिने हे सोसलं नाही तिने हात वर करावा.

मग सोसलेल्या बाईला दारात उभ्या असलेल्या मुर्शिदाबादच्या किंवा गोरखपूरच्या पोराच्या तोंडावरचा भाव ओळखता येऊ नये?

धर्माचं बघू. पाठशाळेत आपण नऊ नोकषाय पाठ केले. त्यातली तीन नावं घ्या: हास्य, भय, जुगुप्सा. परक्या माणसाशी आपण जे वागतो ते या तिघांतच बसतं. त्याच्या ‘हम जात हैं’ला हसतो, ईशान्येच्या मुलीच्या डोळ्यांना हसतो, ते हास्य. लिफ्टमध्ये आफ्रिकेचा विद्यार्थी शिरला की पर्स छातीशी धरतो, ते भय. त्याच्या तेलाचा वास, घामाचा वास, डब्याचा वास सांगत नाक मुरडतो, ती जुगुप्सा. आपल्याला वाटतं यात कुठे काय हिंसा झाली, कुणाला मारलं थोडंच? पण कर्मसिद्धांतात हे तिन्ही मोहनीय कर्माच्या घरचे आहेत. हाताने चापट मारावी लागत नाही, मनात आलं की बंध पडतो. वर आठ मदांमध्ये पहिलाच जातिमद आणि दुसरा कुलमद. ‘आमच्यात असं नसतं’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा बोलतो ते एकदा मोजून पाहा.

आणि भगवान महावीर स्वतः काय होते? आचारांगाच्या पहिल्या श्रुतस्कंधाच्या नवव्या अध्ययनात प्रभूंच्या विहाराचं वर्णन आहे. ते लाढ देशात गेले, म्हणजे आजच्या बंगालच्या बाजूला. तिथल्या लोकांनी या अनोळखी श्रमणावर कुत्री सोडली, काठ्या मारल्या, गावात शिरण्याआधीच हाकलून दिलं. पर्युषणात आपण हे उपसर्ग ऐकतो आणि डोळे पुसतो. मैत्रिणींनो, त्या प्रसंगात प्रभू हे परमुलखातले होते आणि कुत्री सोडणारे स्थानिक होते. आज सोसायटीच्या गेटवर आपण कोणत्या बाजूला उभे आहोत ते ज्याचं त्याने पाहावं.

सूत्रकृतांगातला आर्द्रकुमारही आठवा. अनार्य देशात जन्मलेला राजपुत्र. आजच्या भाषेत परदेशी. मगधाच्या अभयकुमाराने त्याच्याशी मैत्री जोडली, भेट पाठवली, आणि तो परदेशी पुढे मुनी झाला, प्रभूंच्या बाजूने इतर मतांच्या आचार्यांशी वाद करून त्यांना निरुत्तर करणारा मुनी. अभयकुमार म्हणाला असता ‘अनार्य आहे, दूर ठेवा’, तर आर्द्रकुमार आपल्याला मिळाला नसता. समवसरणाचं वर्णन तर लहान मुलालाही पाठ असतं: प्रभूंची वाणी प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळायची. तिथे भाषेवरून कुणाला बाहेर बसवल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आता फॉरवर्डचा विषय. अठरा पापस्थानकांत तेरावं अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ. चौदावं पैशुन्य, म्हणजे चहाडी. प्रतिक्रमणात रोज त्यांची आलोचना करतो आणि उठल्यावर फोन हातात घेतो. या पापाचं फळ परलोकापर्यंत थांबत नाही, इथेच दिसतं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजारात पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. ते पाचजण मुलं पळवणारे नव्हते. नाथ डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेकजण सोलापूरकडचे होते. म्हणजे परदेशी नाहीत, बहुतेकजण परप्रांतीयही नाहीत. आपल्याच महाराष्ट्रातले. संशयाची सवय एकदा लागली की शेजारच्या जिल्ह्यातला माणूसही परका होतो.

2012 च्या ऑगस्टमध्ये ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार, असे मेसेज फिरले. बंगळूर, पुणे, चेन्नईहून हजारो मुलंमुली भरलेल्या रेल्वेने घरी गेली, सरकारला दिवसाला पाचपेक्षा जास्त एसएमएस एकगठ्ठा पाठवण्यावर काही दिवस बंदी घालावी लागली. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाचा मृत्यू झाला, आफ्रिकन माणसं माणूस खातात इथपर्यंत अफवा गेली, आणि नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घेरून मारलं. त्याआधी वर्षभर, जानेवारी 2016 मध्ये, बंगळुरात सुदानच्या एका माणसाच्या गाडीखाली एक बाई गेली. थोड्या वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने गाडीतून ओढून मारहाण केली. सुदान कुठे आणि टांझानिया कुठे! नकाशा काढून बघा, मधे अख्खे देश आहेत. पण जमावाला एकच दिसलं, रंग. ती मुलगी कुणाच्या तरी आईबापांनी परदेशात शिकायला पाठवलेली होती. आपली नातवंडं मेलबर्नला, टोरांटोला शिकतात. तिथे कुणी त्यांना ‘तुमच्या देशात परत जा’ म्हटलं तर आपल्याला इथे रात्रभर झोप लागत नाही.

आता तुमचे आक्षेप. मला ते माहीत आहेत, कारण भिशीत मी ते ऐकते.

‘ही माणसं गुन्हे करतात.’ काही करतात. आपल्यातलेही करतात, बँका बुडवून परदेशी पळालेल्यांची नावं आठवा. तेव्हा कुणी म्हटलं की सगळे व्यापारी चोर, तर आपण उसळून उठलो, आणि बरोबर उठलो. भाडेकरूची, नोकराची नोंद पोलिसांत करा, जरूर करा. पण ती सगळ्यांची करा, साताऱ्याच्या ड्रायव्हरची आणि सिवानच्या ड्रायव्हरचीही. एकालाच कागद मागणं ही सावधगिरी नव्हे.

‘बांगलादेशी घुसखोर आहेत.’ असतील तर ते शोधणं सरकारचं काम आहे, कागद तपासून, कायद्याने. ते काम सरकारी यंत्रणेकडूनही चुकतं. 2025 च्या जूनमध्ये पश्चिम बंगालच्या काही मजुरांना महाराष्ट्रात पकडून सीमेपलीकडे बांगलादेशात ढकललं गेलं. मग ते भारतीयच असल्याचं निघालं आणि त्यांना परत आणावं लागलं. सरकारचं हे होतं, तर आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने नुसत्या बोलीवरून निकाल देऊ नये. आपण बंगाली आणि बांगलादेशी ओळखतो म्हणतो, आणि बाहेरची माणसं मारवाडी आणि गुजराती ओळखत नाहीत म्हणून तक्रार करतो.

‘मराठी शिकत नाहीत.’ शिकायलाच हवी. ज्या मातीत कमावतो तिची भाषा यावी, याबाबत मी हट्टी आहे. पण आपल्या सुना मराठी कशा शिकल्या? भाजीवालीशी घासाघीस करून, मुलांच्या शाळेतल्या बाईंशी बोलून, पाच-सहा वर्षांत, चुका करत. कुणी त्यांच्या कानाखाली वाजवून शिकवली नाही. वॉचमनशी रोज दोन वाक्यं मराठीत बोला, तो वर्षात बोलायला लागेल. आपण त्याच्याशी मोडक्या हिंदीत हुकूम देतो आणि त्याला मराठी येत नाही म्हणून बोटं मोडतो.

‘आपल्या पोरांची कामं घेतात.’ खातं मांडू. आपल्या घरातलं कुठलं पोर बांधकामावर गिलावा करायला, फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहायला, गटारात उतरायला तयार आहे? झवेरी बाजारात दागिना घडवणारा कारागीर बंगालचा, मार्बल घासणारा राजस्थानचा, बॉयलर सांभाळणारा बिहारचा. या माणसांच्या नावे आपण फक्त लिहितो, त्यांच्या जमेची बाजू कोरी ठेवतो. अशी खतावणी कुठल्या ऑडिटरने पास केली असती? मजुरी पडते हा प्रश्न खरा आहे, पण ती पाडतो कोण? कमी पैशात काम उरकणारा मालक, आणि मालक पुष्कळदा आपल्याच घरातला असतो.

‘ते मांसाहारी आहेत.’ हा आक्षेप सगळ्यांत शेवटी येतो आणि सगळ्यांत मोठ्याने येतो. माझ्या स्वयंपाकघरात काय शिजेल ते माझं व्रत ठरवतं, त्यावर तडजोड नाही. पण माझं व्रत माझ्यावर आहे. पंख्याखाली बसून चार घास खाणाऱ्या सुताराला जिन्यात बसवणं, त्याच्यासाठी वेगळा पेला खिडकीत ठेवणं, हे आहारशुद्धीत कुठे येतं? पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेल त्याहून जास्त भार लादणं, आणि अन्नपाणी तोडणं. हे अतिचार आपण गाय-बैलांपुरते समजून घेतले. चौथ्या मजल्यावर फ्रिज चढवायला लावून ‘लिफ्ट वापरू नका’ सांगणं हा अतिभार नाही? दुपारी दोनपर्यंत प्यायला पाणी न विचारणं हे काय आहे? कबुतरांना दाणे आणि पाण्याचं भांडं रोज ठेवणाऱ्या हातांना हे कळत नाही असं मी मानत नाही.

8 मे 2020 ची पहाट आठवा. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची माणसं लॉकडाऊनमध्ये पायी गावाकडे निघाली होती. भुसावळच्या दिशेने रुळांच्या कडेने चालत, थकून करमाडजवळ रुळांवरच झोपली. मालगाडी आली. 16 जण गेले. रुळांवर पोळ्या विखुरलेल्या होत्या. ते दिवस आपल्या समाजाने चांगले निभावले. गावोगावी जेवणाची पाकिटं वाटली, महामार्गावर पाणी ठेवलं, त्याची मी मनापासून अनुमोदना करते. पण एक विचारते. ज्या माणसाला उपाशी चालताना पाहून आपल्याला करुणा आली, तोच माणूस पोट भरायला परत आला तर ‘परत कशाला आले’ हे आपल्या तोंडी कसं आलं? त्याने मरताना आपल्या दयेला पात्र असावं आणि जगताना नसावं, हा कुठला न्याय?

आणि हे दयेवरही सोडलेलं नाही. भारताच्या नागरिकाने देशात कुठेही फिरावं, कुठेही राहावं, हा हक्क राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने दिला आहे. त्याच हक्कावर आपली दुकानं कन्याकुमारीपासून गुवाहाटीपर्यंत चालतात. आणि जिवाचं, कायद्याच्या समान संरक्षणाचं कलम तर परदेशी माणसालाही लागू आहे. 14 आणि 21 या कलमांत ‘नागरिक’ हा शब्दच नाही, ‘व्यक्ती’ हा आहे.

आता करायचं काय ते थोडक्यात सांगते. कोणत्याही मुलखाच्या, धर्माच्या, रंगाच्या माणसांवर सरसकट आळ घेणारा मेसेज ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका. आणि गप्पही बसू नका, ‘हे अभ्याख्यान आहे, काढून टाका’ एवढं एक वाक्य लिहा. ज्याच्याकडून काम घेतो त्याला ‘ए भय्या’, ‘ए बहादूर’, ‘ए चिंकी’ न म्हणता नाव विचारा आणि नावाने हाक मारा. घरात सगळ्यांना एकाच तांब्या-पेल्याने पाणी द्या. मजुरी ठरवताना जी रक्कम आपल्या भाच्याला चालली नसती ती दुसऱ्याच्या भाच्याला देऊ नका. आणि नातवंडांसमोर कुणाच्या बोलीची नक्कल करून हसू नका. मुलं पाठशाळेत शिकतात त्यापेक्षा जेवणाच्या ताटावर जास्त शिकतात.

कुणी म्हणेल, एका बाईच्या बोलण्याने काय होणार. उत्तराध्ययनाच्या बाराव्या अध्ययनात हरिकेशबल मुनींची कथा आहे. चांडाळ कुळात जन्मलेले मुनी यज्ञमंडपात भिक्षेला गेले. त्यांचा रंग, त्यांचं रूप, त्यांचे मळके कपडे पाहून तिथले लोक हसले, ओरडले, आणि काठ्या घेऊन पोरं धावून गेली. सगळ्या मंडपात विद्वान बसले होते. त्या पोरांना थांबवलं ते एका बाईने. पुरोहिताची बायको भद्रा, कोसलच्या राजाची मुलगी. ती स्वतःच्या नवऱ्याच्या मंडपात, स्वतःच्या माणसांच्या विरुद्ध उभी राहिली आणि म्हणाली, थांबा, तुम्ही कुणाला मारता आहात ते तुम्हाला कळत नाही.

ग्रुपवर आपण दोनशेजणी आहोत. भद्रा एकटी होती.

जय जिनेंद्र.